तीन लुगडी आणि तीन वार

पुरूकाकांनी बंदूक घेतली ही बातमी अमेरिकेतल्या कॅरी गावच्या मराठी मंडळात पसरली, तेव्हा निम्म्या लोकांना ती थाप वाटली आणि उरलेल्या निम्म्यांनी मीनाक्षीकाकूंना फोन करून, ‘घरी सगळं ठीक आहे ना?’ असं विचारलं. यात लोकांचा दोष नव्हता. पुरुषोत्तम टिपणीस हा माणूस औषधांच्या कंपनीत गुणवत्ता तपासण्यात सगळी हयात घालवलेला. दूध उतू गेलं तर ते आधी का गेलं याची चौकशी करायचे आणि मग गॅस बंद करायचे. लग्नाच्या आधी त्यांनी मीनाक्षीकाकूंना दोनदा पाहिलं होतं. पहिल्या खेपेला प्रकाश कमी होता, असं ते अजून सांगतात.

बंदुकीचं मूळ होतं देवयानी. ही त्यांची एकुलती एक मुलगी, इथंच जन्मली, इथंच वाढली आणि राज्याच्या वन्यजीव खात्यात नोकरीला लागली. मंडळातल्या इतर मुलांनी कॉम्प्युटरपुढं बसून नाव काढलं, ही चिखलात गुडघाभर उतरून बदकं मोजायची. दर एप्रिलमध्ये रानटी टर्कीचा हंगाम उघडला की ती पहाटे रानात जाऊन बसायची, आणि कधीमधी आईला एखादा साफ केलेला पक्षी आणून द्यायची. टिपणिसांच्या घरात सामिषाला कधी कोणी नाही म्हटलेलं नाही, त्यामुळं टर्कीचा रस्सा व्हायचा आणि प्रश्न मिटायचा. आता मात्र तिला दूर वॉशिंग्टन राज्यात, रेडमंडच्या पुढं डोंगराकडे नवी, मोठी जागा मिळाली होती. रेडमंड ऐकल्यावर, तिथल्या बड्या कॉम्प्युटर कंपनीत लागली असं समजून, मंडळातल्या सगळ्यांनी जोरात अभिनंदन केलं. हरणं मोजायला चालली आहे म्हटल्यावर निम्म्यांनी ते परत घेतलं. जूनमध्ये ती जायची होती.

जानेवारीतल्या एका रविवारी जेवताना ती म्हणाली, “बाबा, इथला माझा लास्ट स्प्रिंग आहे. टर्कीला येतोस माझ्याबरोबर?”

पुरूकाकांचा घास हातातच राहिला. या मुलीनं आजवर त्यांच्याकडे गाडीची किल्ली मागितली होती, सही मागितली होती, ‘बाबा, प्लीज, वर्गात प्रश्न विचारू नकोस’ अशी विनवणीही केली होती. पण ‘माझ्याबरोबर चल’ असं ती आयुष्यात पहिल्यांदा म्हणत होती. तिचं वाक्य संपायच्या आत ते ‘येतो’ म्हणून मोकळे झाले. काय काय करावं लागेल हे त्यांनी नंतर विचारलं. त्यांच्या स्वभावाच्या हे अगदी उलट होतं.

“कोर्स, लायसन्स, गन,” देवयानीनं बोटांवर मोजलं. “आणि गन पॅटर्न करायची. ते नाही केलं तर तू घरी.”

शॉटगनमधून एक गोळी सुटत नाही, मूठभर छरे सुटतात. ते जसजसे पुढं जातात तसतसे फाकतात. किती फाकतात हे बंदुकीवर असतं, नळीच्या तोंडाशी बसवायच्या चोकवर असतं आणि काडतुसावर असतं. कुठलं कुणाशी जमेल हे आधी सांगता येत नाही, अगदी लग्नासारखं. म्हणून कागद टांगायचा, अंतर मोजायचं, बार काढायचा आणि दहा इंची वर्तुळात किती छरे पडले ते मोजायचं. याला म्हणतात पॅटर्न.

“शंभर तरी आत पाहिजेत,” देवयानी म्हणाली. “पेपर जेवढ्या डिस्टन्सला प्रूव्ह करेल तेवढीच तुझी लिमिट. त्याच्यापुढं एक स्टेपही नाही. जखमी पक्षी कुठंतरी झाडीत जाऊन दोन दिवसांनी मरतो, बाबा. मला ते चालत नाही.”

“बरोबर आहे,” पुरूकाका म्हणाले. मनातून ते हरखले होते. मुलगी शिकारीला बोलावतेय असं त्यांना वाटलं होतं. ती तर चक्क तपासणीला बोलावत होती!

कोर्सच्या वर्गात बहुतेक शाळकरी पोरं होती. त्यांच्यात पहिल्या बाकावर पुरूकाका. सगळ्यात जास्त प्रश्न त्यांनी विचारले, आणि सुट्टी उशिरा झाली म्हणून पोरांनी त्यांच्याकडे रागानं पाहिलं. बंदुकीच्या दुकानात त्यांनी काडतुसांच्या खोक्यांवरचे बॅच नंबर लिहून घेतले आणि चष्म्याखालून बघत, हनुवटी उंचावून, एक्सपायरी डेट शोधली. ती नसते म्हटल्यावर ते बराच वेळ अस्वस्थ होते. अखेर वीस गेजची हलकी बंदूक, तीन चोक आणि चार प्रकारची काडतुसं घेऊन ते घरी आले.

मीनाक्षीकाकूंनी चोक हातात घेऊन पाहिला. “हे कशाला?”

“नळीच्या तोंडाशी बसवायचं. भोक जेवढं आवळ, तेवढे छरे लांबपर्यंत एकत्र राहतात.”

“म्हणजे सोऱ्याची चकती.”

“जवळजवळ.”

“मग अगदी आवळ नका हो घेऊ. पीठ जाड असलं की सोऱ्या तुंबतो आणि शेव वेडीवाकडी पडते.”

पुरूकाका हसले. हा प्रयोगाचा विषय आहे, सोऱ्याचा नाही, असं ते म्हणाले. पुढं सगळ्यात आवळ चोकातून जाड छऱ्यांचे बार काढले तेव्हा कागदावर मधेच हातभर मोकळी जागा आणि कडेला गर्दी, असा गणपतीच्या आरतीला उभ्या राहिलेल्या मंडळींसारखा पॅटर्न आला. हे त्यांनी घरी सांगितलं नाही.

“आणि पक्षी किती लांब असतो?” काकूंनी विचारलं.

“चाळीस यार्डांपर्यंत. एकशेवीस फूट.”

“मला कळेल असं सांगा.”

“यार्ड म्हणजे वार. तुझ्या आजीचं लुगडं किती वार? नऊ. तशी साडेचार लुगडी, टोकाला टोक लावून.” मग त्यांना राहवलं नाही. “साडेचारला थोडी कमी.”

त्या दिवसापासून टिपणिसांच्या घरात अंतरं लुगड्यांत मोजली जाऊ लागली.

काकूंच्या घरात तपकिरी कागदाचं एक जाडजूड भेंडोळं होतं. पाडव्याला मंडळाची मोठी रांगोळी त्यांच्याकडे असायची. ठिपके सरळ पडावेत म्हणून त्या या कागदाला जळत्या उदबत्तीनं ओळीनं भोकं पाडायच्या. कागद पसरायचा, वरून रांगोळी फिरवायची आणि कागद उचलला की खाली ठिपके तयार. पुरूकाकांनी आपले कागद त्याच भेंडोळ्यातून कापले. मधोमध पेनानं फुली मारली की झालं. एकाच घरात नवरा-बायको दोघंही एकाच कागदाला भोकं पाडत बसलेत, हे दृश्य बाहेर कोणी पाहिलं नाही हे बरं झालं.

दर शनिवारी पुरूकाका सरकारी रेंजवर जायचे, चाळीस यार्डांवर कागद टांगायचे, फुलीवर नेम धरायचे आणि बार काढायचे. घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर कागद पसरायचे, छऱ्यांची जिथं सर्वांत दाटी असेल तिथं दहा इंची वर्तुळ काढायचे आणि टूथपिकनं एकेक भोक टोचत मोजायचे. काकू ताट मांडीवर घेऊन जेवायच्या.

आता एक गोष्ट खरी की छऱ्यांची दाटी फुलीच्या जरा वर पडत होती. ते पुरूकाकांना दिसत नव्हतं असं नाही. पहिल्या कागदाला ते म्हणाले, पहिलाच बार, हात हलला. दुसऱ्याला म्हणाले, वारा होता. तिसऱ्याला शेजारच्या माणसानं शिंक दिली होती. हाताखालच्या एखाद्या पोरानं असली कारणं दिली असती तर त्याला पुरूकाकांनी उभं सोलून काढलं असतं. पण दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं तसं आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, आणि त्यांचं सगळं लक्ष मोजणीवर होतं. मोजणी झकास होती. मधल्या आवळीचा चोक आणि पाच नंबरचे छरे यांचं गोत्र अखेर जुळलं. शंभरावर छरे वर्तुळात आले. पुरूकाकांनी हे विजयी कागद गुंडाळून रबरबँड लावलं आणि देवयानीला दाखवायला गराजच्या फळीवर ठेवून दिले. शेजारीच काकूंचं ठिपक्यांचं भेंडोळं होतं, तसंच गुंडाळलेलं, तसंच रबरबँड लावलेलं.

मंडळाचा पाडवा पंचांगाप्रमाणं येत नाही, शाळेचा हॉल मिळेल तसा येतो. त्या वर्षी तो टर्कीचा हंगाम उघडायच्या बरोबर आधीच्या शनिवारी आला. काकू श्रीखंडाचे डबे सांभाळत पुढं गेल्या आणि भेंडोळं त्यांनी रत्नाताईंच्या हाती दिलं. रत्नाताई मंडळाच्या रांगोळीप्रमुख. मनानं चांगल्या, पण एकदा हातात रांगोळी आली की त्या कोणाचं ऐकत नाहीत. त्यांनी दाराशी काळं कापड अंथरलं, मध्यावर खडूनं खूण केली, पहिला कागद उलगडला. कागदावर भोकं होती, मधोमध फुली होती. फुली खुणेवर ठेवायची हे त्यांना सांगायची गरज नव्हती. त्यांनी पसाभर रांगोळी ओतली, हात फिरवला, कागद उचलला.

काळ्या कापडावर पांढऱ्या ठिपक्यांचा झुबका उठला होता.

“हे कसले ठिपके?” कोणीतरी म्हणालं.

“मॉडर्न असेल,” रत्नाताई म्हणाल्या. “मीनाक्षीनं हप्त्यानं दिले असतील. पुढचा आणा.”

दुसरा कागद फुलीवर फुली ठेवून पसरला, मग तिसरा, मग चौथा. प्रत्येक वेळी नवे ठिपके जुन्या ठिपक्यांवरच पडत गेले. खडूची खूण कोरडी ठणठणीत आणि तिच्या वीतभर वर पांढरा ढीग. श्रीखंडाचा डाव हातात घेऊन धावत आलेल्या मीनाक्षीकाकूंनी कपाळावर हात मारला. “अगं बाई, हे ह्यांचे कागद! हे बंदुकीचे आहेत!”

बायका दोन पावलं मागं सरकल्या, जणू कापडातून पुन्हा बार उडणार होता. तेवढ्यात झब्बा घातलेले पुरूकाका आले. सगळ्यांना वाटलं आता हे चिडणार. पण ते कापडापाशी मटकन गुडघ्यांवर बसले. हात लांबवून त्यांनी खुणेपासून ढिगापर्यंत वीत टेकली.

“वर,” ते म्हणाले. “सगळं वर गेलंय.”

“छान उठलंय, नाही?” रत्नाताईंना तेवढंच कळलं.

पुरूकाकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. सुट्या कागदांवर जे हात, वारा आणि शिंक होतं, ते एकावर एक पडल्यावर नुसतं सत्य होतं. त्यांची बंदूक छरे अगदी नीट फेकत होती, फक्त जिथं पाहिजे तिथं नाही. त्यांनी इतके शनिवार सगळं मोजलं होतं, आणि जे आधी बघायचं तेच बघितलं नव्हतं. टर्कीच्या डोक्यावरून सगळे छरे गेले असते किंवा त्यातले एकदोनच लागले असते, आणि पक्षी झाडीत जाऊन दोन दिवसांनी मेला असता. हंगामाला आठवडा राहिला होता. ‘पॅटर्न नाही तर तू घरी.’ पाडव्याच्या दिवशी, भरल्या हॉलमध्ये त्यांना रडू यायचं बाकी होतं.

त्यांनी कापडाचा फोटो देवयानीला पाठवला. तिचा लगेच फोन आला. आधी ती पोटभर हसली. मग म्हणाली, “ओके. उद्या रेंजवर भेट. आय वॉन्ट टु सी यू शूट.”

दुसऱ्या दिवशी तिनं त्यांना एकच बार काढू दिला. ती बाजूला उभी राहून बंदुकीकडे नाही, त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

“बाबा, तू हनुवटी वर करतोस. इंडियन स्टोअरमध्ये एक्सपायरी डेट वाचतोस ना, तशी. नळीच्या टोकाचा नेमाचा मणी तुला ब्लर दिसतो म्हणून तू चष्म्याच्या खालच्या काचेतून बघतोस. डोकं वर गेलं की शॉट वर.”

पुरूकाकांनी बंदूक खाली घेतली. ही मुलगी त्यांच्याकडे इतकं बघत आली होती, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. वास्तविक या शोधानं त्यांनी शरमायला हवं होतं. त्यांना मात्र बरं वाटलं.

सुदैवानं टिपणिसांच्या घरात काही टाकलं जात नाही. खणातून त्यांचा जुना, नुसत्या लांबच्या नंबरचा चष्मा निघाला. काळी, जाड, लग्नाच्या फोटोतली फ्रेम. त्याला खालची काच नव्हती, त्यामुळं हनुवटी वर करून फायदाही नव्हता. दुपारी ते पुन्हा रेंजवर गेले. देवयानी म्हणाली, आधी तीस यार्डांवर बघू. त्यांनी गाल बंदुकीच्या दस्त्यावर टेकवला, बार काढला आणि फुलीच नाहीशी झाली. जिथं फुली होती तिथं चाळण! दुसरा तसाच. तिसरा तसाच. मोजले, शंभराच्या कितीतरी वर. पुरूकाका चाळीसवर कागद टांगायला निघाले आणि आकाश गडगडलं. विजा दिसायला लागल्या की रेंज बंद करतात. पाऊस संध्याकाळपर्यंत थांबला नाही, आणि पुढं आठवडाभर दोघांनाही कामातून सवड नव्हती.

“मग थर्टी,” देवयानी म्हणाली. “थर्टी म्हणजे थर्टी, बाबा.”

“थर्टी म्हणजे थर्टी,” पुरूकाका म्हणाले. आणि घरी जाऊन काकूंना म्हणाले, “आपली हद्द तीन लुगडी आणि तीन वार.”

शनिवारी पहाटे निघताना मीनाक्षीकाकूंनी दोघांना औक्षण केलं आणि कपाळावर ठसठशीत कुंकू लावलं. गाडीत बसल्यावर देवयानीनं ते ओल्या रुमालानं दोघांचंही पुसलं. लाल, पांढरा, निळा हे नर टर्कीच्या डोक्याचे रंग. रानात दुसऱ्या कोणा शिकाऱ्यानं बाबांचं कपाळ पाहून नेम धरायला नको. “आईला सांगू नकोस,” ती म्हणाली.

एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानाच्या कडेला दोघं एका रुंद ओकला पाठ टेकून बसले. देवयानीनं पुढं आमिषाला एक रबरी टर्की मांडली आणि तीस यार्ड मोजून तिथं एक वाळकी काटकी रोवली. उजाडायला लागलं तसा दूर झाडावरून नराचा गुडगुडाट आला. देवयानीनं हातातल्या पाटीवर काडी घासून मादीचा आवाज काढला. तिकडून उत्तर आलं. पुरूकाकांच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं या देशात राहून इथल्या पहाटेला त्यांनी गॅलरीच्या काचेतूनच पाहिलं होतं.

मग तो आला. पिसारा फुलवून, छाती काढून, मंडळाच्या अध्यक्षपदाला उभा राहिल्यासारखा. रबरी मादीकडे बघत बघत तो पुढं आला आणि काटकीच्या पलीकडे चारपाच यार्डांवर थांबला. तिथंच गोल फिरला. मान उंच केली. पुरूकाकांचा गाल दस्त्याला चिकटलेला होता, हनुवटी खाली होती, मणी बरोबर मानेवर होता.

“बाबा,” देवयानी कानात कुजबुजली. “टेक हिम.”

“काटकीच्या पलीकडे आहे.”

“इट्स थर्टी-फाइव्ह! गन करेल!”

“करेलही. पण डेटा नाही.”

“बाबा, प्लीज! मार ना!”

पुरूकाकांच्या कपाळावरून घामाचा थेंब चष्म्यावर आला. एक बोट दाबलं की झालं. मुलगी खूष, मंडळात नाव. आणि लागला नाही नीट, तर? “थर्टी म्हणजे थर्टी,” ते पुटपुटले, आणि ते जरा मोठ्यानंच झालं असावं. टर्कीनं मान ताणली, त्यांच्याकडे एकदा तुच्छतेनं पाहिलं आणि झाडीत चालता झाला.

पुरूकाकांनी बंदुकीचा सेफ्टीचा खटका बंद केला. तिचा इथला शेवटचा वसंत, आणि आपण तो असा घालवला, असं त्यांना वाटलं. शेजारी देवयानीचे खांदे हलत होते. ती रडतेय असं वाटून त्यांनी घाबरून बघितलं, तर ती तोंडावर टोपी दाबून हसत होती.

“पाच यार्ड!” तिला बोलवेना. “हाफ अ लुगडं, बाबा!”

“तूच म्हणाली होतीस.”

“आय नो.” तिनं डोळे पुसले. “मीच म्हटलं होतं, आणि मीच तुला रूल ब्रेक करायला सांगितलं. तू नाही केलंस.” मग तिनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. शाळेत जायला लागल्यापासून असं काही तिनं केलेलं त्यांना आठवत नव्हतं. “नेक्स्ट स्प्रिंगला मी येते. पण मार्चमध्येच येते. फॉर्टीचे पेपर्स आपण दोघं मिळून मारू. प्रॉमिस?”

पुरूकाकांनी नुसती मान डोलावली. चष्मा धूसर झाला होता आणि या खेपेला दोष काचेचा नव्हता.

घरी काकूंनी रश्शाचं वाटण करून ठेवलं होतं. “काय झालं?”

“चौथ्या लुगड्याच्या पदराशी येऊन उभा राहिला.”

“मग?”

“मग काय? आपल्या हद्दीबाहेर.”

काकूंनी वाटणाचा डबा फ्रीजरमध्ये ठेवला. पुरूकाका बूटही न काढता गाडीची किल्ली शोधायला लागले.

“आता कुठं निघालात?”

“कागद आणायला. तुझ्यातला घेणार नाही आता. वेगळ्या रंगाचा आणतो.”

“टर्की पुढच्या वर्षी ना? आणि अजून चिकार उरलाय की घरात. एवढा कशाला लागतो?”

“लागेल,” पुरूकाका म्हणाले. “आता आम्ही दोघं आहोत.”